दोन सायकलींनंतर काउंट आणखी खाली गेले, तर इंजेक्शन बंद करायचं का?

पत्र:

डॉक्टरांना नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६९. दिवाळीनंतर त्यांना चालताना दम लागायला लागला. तपासलं तर हिमोग्लोबिन ६.८. नाशिकला बोन मॅरो, म्हणजे हाडांतल्या मगजाची तपासणी केली, एमडीएस (मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, रक्त बनवणाऱ्या मॅरोचा आजार) निघालं, ब्लास्ट म्हणजे कच्च्या, न पिकलेल्या पेशी १२ टक्के. डॉक्टर म्हणाले, ही नेहमीची केमो नाही, एपिजेनेटिक औषध आहे. अझासायटिडिनची इंजेक्शनं, महिन्यातून सात दिवस, ही एक सायकल. दोन सायकली झाल्या. दुसरीनंतर प्लेटलेट ६० हजारांवरून २८ हजारांवर आल्या, ताप आला, पाच दिवस ॲडमिट करावं लागलं. रक्ताच्या पिशव्या चालूच आहेत. भावासकट घरात सगळे म्हणतात, औषधानंच माणूस खचत चाललाय, तिसरी सायकल नको. मावसभावाच्या ओळखीचे एक जण 'एपिजेनेटिक डिटॉक्स' देतात, महिन्याला १८ हजार. त्यांचं म्हणणं, जीन आहारानं चालू-बंद करता येतात, मग इंजेक्शन कशाला? एका भाच्यानं व्हेनेटोक्लॅक्स नावाच्या गोळीबद्दल वाचलंय, ती का देत नाहीत? आई गुळवेलीचा काढा आणि पपईच्या पानांचा रस देते. अण्णांना आम्ही 'रक्त कमी झालंय' एवढंच सांगितलंय. आणि हे आमच्याही अंगात उतरणार का? पुढच्या सोमवारी तिसरी सायकल आहे. काय करू? — एक मुलगी

उत्तर:

ताई, आधी सोमवारचं बोलते.

घरच्या घरी ठरवून तिसरी सायकल बंद करू नका. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, पाहून डॉक्टरांनी ती आठवडाभर पुढे ढकलली किंवा मात्रा कमी केली, तर ते उपचारातच बसतं. तुम्ही मात्र दोन सायकलींवर 'गुण नाही' असं ठरवू नका. या औषधाला निदान सहा सायकली द्याव्यात, असा जगभरचा रिवाज आहे. ज्यांना गुण येतो, त्यांतल्या बहुतेकांना तो सहाव्या सायकलीपर्यंत दिसू लागतो. दुसऱ्या सायकलीनंतर सोडून दिलं, तर अण्णांनी त्रास तेवढा सोसला आणि फायद्याची वेळ यायच्या आधीच औषध संपलं, असं होईल.

मग काउंट का पडले? अण्णांच्या मॅरोत सध्या बिघडलेल्या पेशींचं राज्य आहे. ज्या थोड्याफार लाल पेशी आणि प्लेटलेट बनतात, त्याही बहुतांशी त्याच बिघडलेल्या कुळातल्या. औषध त्या कुळाला दाबतं. निरोगी पेशींनी ती जागा घ्यायला वेळ लागतो, आणि तोवर रक्तात सगळंच कमी दिसतं. पहिल्या दोन-तीन सायकलींत पिशव्या वाढणं, ताप येणं, ॲडमिट व्हावं लागणं हे म्हणूनच अनेकांच्या वाट्याला येतं. काउंट पडले म्हणजे औषध लागू पडतंय, असं मात्र समजू नका. दोन सायकलींवरून कुठलाच निष्कर्ष काढता येत नाही. एक अपवाद आहे: रक्ताच्या तपासणीत ब्लास्ट पेशी दर वेळी वाढत चालल्या असतील, तर आजार पुढे सरकतोय आणि लवकर वेगळा विचार करावा लागतो. सोमवारी डॉक्टरांना नेमका हाच प्रश्न विचारा: 'रक्तातले ब्लास्ट वाढलेत का?' नसतील वाढले, तर पुढे चला.

हे औषध इतकं सावकाश का चालतं, हे तुमच्या भावालाही नीट कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आपल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक सायटोसिन. त्याच्यावर मिथाइल नावाचा एक अगदी छोटा रासायनिक तुकडा चिकटू शकतो. एखाद्या जीनच्या सुरुवातीच्या भागात हे तुकडे दाटीवाटीनं बसले की ते जीन शाबूत असूनही वाचलं जात नाही. अक्षरं न बदलता जीनवर चढणाऱ्या अशा खुणांनाच एपिजेनेटिक म्हणतात. तुम्ही शेतकरी आहात, म्हणून सातबारा डोळ्यांसमोर आणा. जमीन तीच, गट नंबर तोच, क्षेत्र तेच. पण इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढला की व्यवहार अडतो. एमडीएसमधल्या पेशींत पेशीला शिस्त लावणाऱ्या, तिला वेळेवर पिकू देणाऱ्या काही जीनांवर असा बोजा चढलेला असतो. पेशीची एकाची दोन होताना डीएनएची नक्कल निघते, आणि डीएनएमटी-१ नावाचं एन्झाइम जुना उतारा पाहून नव्या नकलेवरही तोच बोजा उतरवून ठेवतं. अझासायटिडिन हुबेहूब सायटोसिनसारखं दिसतं. नक्कल निघत असताना ते अक्षरांच्या रांगेत जाऊन बसतं. एन्झाइम आपलं काम करायला तिथं येतं आणि तिथंच अडकून पडतं. मग पुढच्या नकला बोजाशिवाय निघू लागतात.

पेशी दुभंगते तेव्हाच हे औषध आत शिरू शकतं. आज सगळ्याच बिघडलेल्या पेशी दुभंगत नसतात, आणि औषध शरीरात फार वेळ टिकतही नाही. म्हणून एक मोठा डोस देऊन भागत नाही. सात-सात दिवस, महिन्यामागून महिना द्यावं लागतं. दुसरी गोष्ट कटू आहे. औषध थांबलं की बोजा पुन्हा चढू लागतो. त्यामुळे सहा सायकली झाल्या, आता सुटलो, असं होत नाही. गुण येत असेल आणि सोसवत असेल, तोवर ते चालू ठेवायचं असतं. हे तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे सहाव्या सायकलीनंतर आशा मोडणार नाही.

'ही केमो आहे की नाही' यावरूनही घरात गोंधळ झालेला दिसतो. औषधाचा इतिहास पाहिला तर तो मिटेल. १९६४ मध्ये प्रागमध्ये अलोइस पिस्काला आणि फ्रांतिशेक शोर्म या रसायनशास्त्रज्ञांनी हा रेणू बनवला. सुरुवातीची अनेक वर्षं तो इतर केमोसारखाच, पेशी मारण्यासाठी, मोठ्या मात्रेत दिला गेला. मोठ्या मात्रेत तो पेशी मारतोच, पण रुग्णालाही फार झेपत नाही. पुढे लॉस एंजेलिसमध्ये पीटर जोन्स यांना विलक्षण काही दिसलं. उंदराच्या भ्रूणातून वाढवलेल्या साध्या पेशींना हे औषध थोडं दिलं, तर काही दिवसांनी त्यांतल्या काही पेशी चक्क आकुंचन पावणाऱ्या स्नायूपेशी झाल्या. डीएनएची अक्षरं न बदलता पेशीचा स्वभाव बदलला होता. १९८० मध्ये जोन्स आणि शर्ली टेलर यांनी यामागे मिथाइल निघून जाणं आहे, हे दाखवलं. तिथून विचार उलटा फिरला: मात्रा कमी, कालावधी मोठा. २००४ मध्ये अमेरिकेत एमडीएससाठी त्याला मंजुरी मिळाली. २००६ मध्ये त्याचंच भावंड असलेल्या डेसिटाबिनलाही मिळाली. तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं चुकीचं नाही, या मात्रेत उद्देश वेगळा असतो. तरीही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पडतात, संसर्ग होतो. घरात सावधगिरी केमोइतकीच हवी.

आता किती गुण येतो, ते. २००९ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, अण्णांसारख्याच जास्त धोक्याच्या एमडीएसचे ३५८ रुग्ण. नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी निम्मे १५ महिन्यांपर्यंत हयात होते, अझासायटिडिन घेतलेल्यांत हाच टप्पा साडेचोवीस महिन्यांचा. दोन वर्षांनी अझासायटिडिनच्या गटातले साधारण निम्मे लोक हयात होते, दुसऱ्या गटातले पाव. ज्यांना आधी सतत रक्त चढवावं लागत होतं, त्यांच्यापैकी ४५ टक्के लोकांची पिशवी सुटली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ११ टक्के होतं. चाचणीबाहेर, रोजच्या दवाखान्यांतल्या नोंदींत आयुष्याचे आकडे यापेक्षा कमी आले आहेत, कारण चाचणीत घेतलेले रुग्ण निवडक असतात. पूर्ण बरं करणारं हे औषध नाही. पण महिन्याला चार वेळा रक्त चढवायला नाशिक गाठणारा माणूस पिशवीशिवाय बागेत फिरू लागतो, हे मी माझ्या रुग्णांमध्ये पाहिलेलं आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. त्या चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. मॅरो पूर्ण स्वच्छ झाली नाही, नुसते काउंट सुधारले, तरी त्या रुग्णांचं आयुष्य वाढलं. म्हणून 'ब्लास्ट शून्य झाले का' एवढ्यावरच नजर लावून बसू नका.

भाच्यानं वाचलेलं खोटं नाही, पण ते दुसऱ्या आजाराचं आहे. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा वेगानं वाढणारा कॅन्सर झालेल्या आणि जोरदार केमो न झेपणाऱ्या वयस्कर रुग्णांना अझासायटिडिनबरोबर व्हेनेटोक्लॅक्स दिल्यानं आयुष्य वाढतं, हे २०२० मध्ये सिद्ध झालं. जास्त धोक्याच्या एमडीएसमध्ये हीच जोडी मोठ्या चाचणीत तपासली, तेव्हा २०२५ मध्ये कळलं की आयुष्य वाढण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. त्याआधी व्होरिनोस्टॅट आणि लेनालिडोमाइड ही औषधं जोडीला देऊन पाहिली होती, त्यांचाही उपयोग झाला नाही. तुमचे डॉक्टर एकटं अझासायटिडिन देत आहेत ते काही हातचं राखून नव्हे. उद्या आजार ल्युकेमियाकडे झुकला, तर त्या गोळीचा विचार करता येईल.

डिटॉक्सबद्दल मी मवाळ लिहिणार नाही. आहारानं, व्यायामानं, तंबाखूनं डीएनएवरच्या खुणा बदलतात हे खरं आहे, आणि याच खऱ्या वाक्याचा आधार घेऊन हे कोर्स विकले जातात. अण्णांच्या मॅरोत मात्र नुसत्या खुणा बिघडलेल्या नाहीत. एमडीएसमध्ये पुष्कळदा टीईटी-२, डीएनएमटी-३ए अशा, या खुणा सांभाळणाऱ्या जीनांच्या अक्षरांतच बदल झालेला असतो. तो बदल आयुष्यात कधीतरी मॅरोच्या एका पेशीत झाला आणि तिची संतती पसरली. कुठल्याही रसानं ती अक्षरं परत जागेवर येत नाहीत. हळदीतलं कर्क्युमिन किंवा हिरव्या चहातला घटक प्रयोगशाळेतल्या बशीत डीएनएमटी एन्झाइमला अडवतो, हे ते लोक तुम्हाला दाखवतील. बशीत ओतलेली मात्रा खाण्यातून रक्तात पोचत नाही, कर्क्युमिन तर आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. भाजीतली हळद खुशाल घाला. पण १८ हजारांचा कोर्स इंजेक्शनच्या जागी घेणं म्हणजे १२ टक्के ब्लास्ट असलेला आजार मोकळा सोडणं. तो पुढे ल्युकेमियात जाण्याची शक्यता मोठी असते, आणि ती वाट काही महिन्यांचीही असू शकते. त्या गृहस्थांना एकच विचारा: तुमच्या कोर्सनं एमडीएसच्या किती रुग्णांची रक्ताची पिशवी सुटली, त्यांचे आधीचे आणि नंतरचे मॅरो रिपोर्ट दाखवा.

आईच्या काढ्याबद्दल लिहिताना मला वाईट वाटतं, कारण त्यात माया आहे. तरीही गुळवेल बंद करा. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये, कोविडच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षाला हरकत घेतली, हेही नोंदवते. पण तो वाद बाजूला ठेवला, तरी यकृत बिघडलं तर अण्णांचं इंजेक्शन लांबेल, आणि बिघाड कशानं झाला हे शोधण्यात आठवडे जातील. पपईच्या पानांच्या रसाची ख्याती डेंग्यूमुळे झाली. डेंग्यूत ताप उतरला की प्लेटलेट आपोआप चढतात. अण्णांची प्लेटलेट बनवणारी मॅरोच आजारी आहे, तिथं त्या रसाचा उपयोग नाही. शिवाय पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या पानांचा, गव्हांकुराचा रस पोटात संसर्ग घेऊन जाऊ शकतो. रक्त वाढावं म्हणून लोहाच्या गोळ्या कुणी सुचवल्या असतील, तर त्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायला शरीराकडे सोय नाही. अण्णांकडे लोह साचायची भीती जास्त आहे. आईंना हातानं काही करायचं असेल, तर ताजं, नीट शिजवलेलं, गरम जेवण द्यायला सांगा: मऊ भात, वरण, अंडं चालत असेल तर पूर्ण उकडलेलं. याच दिवसांत माणूस जेवणातून खंगतो.

तापाचं मात्र पाठ करून ठेवा. घरात थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना रक्तातला संसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. निफाडहून निघायला गाडी कुणाची, नाशिकमध्ये रात्री कुणाला फोन करायचा, हे आजच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही, ॲस्पिरिन तर नाहीच, २८ हजार प्लेटलेटवर रक्तस्राव होऊ शकतो. इंजेक्शनच्या दिवसांत मळमळीची गोळी आणि औषध दोन्हींमुळे बद्धकोष्ठता होते, तिची गोळी आधीच मागून घ्या. कुंथायची वेळ येऊ देऊ नका. इंजेक्शनच्या जागी लाल, दुखरा डाग पडतो, म्हणून पोट, मांडी, दंड अशी जागा बदलत राहायला सिस्टरना सांगा. आणि बागेत शेणखत, कंपोस्ट उकरण्याच्या कामाला अण्णांनी सध्या हात लावू नये, त्यातली बुरशी फुप्फुसात जाते. रविवारी दवाखाना बंद म्हणून सात दिवस सलग जमत नसतील, तर पाच दिवस, मग शनिवार-रविवार सोडून पुढचे दोन दिवस, असाही क्रम अनेक ठिकाणी वापरतात. एखादा दिवस गाळण्यापेक्षा तो विचारून घ्या.

तुमच्या अंगात हे उतरणार का? अण्णांच्या मॅरोतल्या पेशींत झालेले बदल बीजातून मुलांकडे जात नाहीत. घराण्यात चालत येणारे एमडीएसचे प्रकार आहेत, पण ते थोडे, आणि बहुधा तरुण वयात किंवा एकाच घरात अनेकांना रक्ताचे आजार असतील तेव्हा डॉक्टर त्यांचा संशय घेतात. ६९ व्या वर्षी झालेल्या आजारात वय हेच सर्वांत मोठं कारण असतं. बागेतल्या फवारणीनं झालं का, हे तुम्ही पत्रात विचारलं नाहीत, पण मनात असेल. कीटकनाशकं आणि एमडीएस यांचा संबंध काही अभ्यासांत दिसतो. अण्णांच्या बाबतीत तेच कारण, असं कुणी सांगू शकणार नाही. मास्क-हातमोज्यांशिवाय फवारणी मात्र आता भावानं करू नये. अण्णांनी स्वतःला दोष द्यावा, असं यात काहीही नाही.

आणि इथून मला तुमच्या पत्रातल्या त्या एका ओळीकडे यायचं आहे, ज्यात तुम्ही लिहिता की अण्णांना 'रक्त कमी झालंय' एवढंच सांगितलंय. ताई, हे त्यांना सांगायला हवं. आपल्याकडे बहुतेक घरं असंच करतात, आणि प्रेमापोटी करतात. पण विचार करा. ज्या माणसानं आयुष्यभर अवकाळी, गारपीट, बाजारभाव यांचे निर्णय स्वतः घेतले, त्याच्या स्वतःच्या शरीराबद्दल भाऊ, मावसभाऊ, भाचा बोलतात आणि तो बाजूच्या खोलीत असतो. सात दिवस ज्या वॉर्डात ते इंजेक्शन घेतात, तिथं शेजारच्या खाटेवर कोण आहे हे त्यांना दिसतं. त्यांना पुष्कळ कळलेलं असतं, फक्त तुमच्याशी बोलता येत नाही, कारण तुम्ही बोलत नाही. 'रक्त कमी आहे' एवढ्यासाठी महिन्यातले सात दिवस टोचून घ्यायचे, ताप आला तर मध्यरात्री उठायचं, हे कुणी का करावं? मग ताप लपवला जातो, 'आता पुरे' म्हटलं जातं. थांबायचं की पुढे जायचं, हा निर्णय त्यांचा आहे आणि तो घ्यायला त्यांना खरं माहीत असायला हवं.

सगळं एका बैठकीत सांगू नका. आधी विचारा: 'अण्णा, रिपोर्टमध्ये काय आहे ते तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?' काही माणसं म्हणतात, 'तुम्ही पाहा, मला नको.' तेही मान्य करा, पण विचारल्यावर. त्यांनी हो म्हटलं, तर साध्या शब्दांत: 'रक्त बनवणारी मॅरो बिघडली आहे. हा रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे. इंजेक्शनं तो पूर्ण काढून टाकत नाहीत, पण ताब्यात ठेवू शकतात. गुण येतो का हे कळायला त्यांना अजून निदान चार महिने द्यावे लागतील, आणि पहिले महिने जड जातात.' मग गप्प बसा. ते जे विचारतील, तेवढंच उत्तर द्या. ते रडले तर रडू द्या. 'काही होत नाही' असं म्हणू नका. तुम्हाला जमणार नसेल, तर सोमवारी डॉक्टरांना सांगा, तुम्ही आणि अण्णा दोघांना समोर बसवून ते सांगतील. बऱ्याच डॉक्टरांना घरच्यांनीच 'सांगू नका' म्हणून बांधून ठेवलेलं असतं. तुम्ही ती गाठ सोडलीत, तर त्यांनाही मोकळं वाटेल.

डिटॉक्सचा प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवा, दोन्ही बाजू सांगून. आणि ठरवलेल्या सायकली झाल्यावर, पुन्हा मॅरो तपासून, गुण नाही असं दिसलं आणि अण्णा म्हणाले की आता इंजेक्शन नको, फक्त रक्त आणि त्रास कमी करणारे उपचार द्या, तर त्याचा मान राखा. ते हरणं नव्हे. तेव्हा मी तुम्हाला 'चालू ठेवा' असं लिहिणार नाही.

पैशांचं थोडक्यात. अझासायटिडिन भारतीय कंपन्या बनवतात. छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारी किंमत यांत मोठा फरक असतो, म्हणून दवाखान्याच्या दुकानात आणि बाहेर दोन ठिकाणी विचारा. औषधाचं नाव लिहून न्या, ब्रँड कुठला याची फार चिंता करू नका, पण खरेदी बिलावरच करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा दवाखाना आहे का आणि एमडीएससाठी हे इंजेक्शन त्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. बसत नसेल, तर योजनेतल्या कुठल्या दवाखान्यात बसतं, हेही त्यालाच विचारा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही, ती मात्र सोमवारी काढाच. हा आजार मुळापासून जाण्याची शक्यता फक्त एका उपचारात आहे: दुसऱ्याच्या मूळपेशींचं रोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. ६९ वय ऐकून लोक विषय बंद करतात. अमेरिकेत ५० ते ७५ वयाच्या, जास्त धोक्याच्या एमडीएस रुग्णांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जुळणारा दाता मिळाला, त्यांच्यापैकी तीन वर्षांनी ४८ टक्के हयात होते, दाता न मिळालेल्यांपैकी २७ टक्के. ट्रान्सप्लांट अवघड आहे, खर्चिक आहे, त्यानंच माणूस दगावू शकतो. हृदय, मूत्रपिंडं, फुप्फुसं धड असतील तरच त्याचा विचार होतो. अण्णांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असंही येऊ शकेल. पण ते वयावरून घरात ठरू नये. टाटा मेमोरियलचं ट्रान्सप्लांट केंद्र खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये आहे. तिथलं किंवा दुसऱ्या ट्रान्सप्लांट केंद्राचं मत एकदा घ्या. अझासायटिडिन तेव्हा आजार रोपणापर्यंत रोखून धरण्याच्याही कामी येतं.

तोवर एक पथ्य पाळा. तुमचं, तुमच्या भावाचं किंवा अण्णांच्या सख्ख्या भावंडांचं रक्त थेट अण्णांना चढवू देऊ नका. तुमच्यापैकीच कुणी पुढे दाता होणार असेल, तर आधी चढलेल्या त्या रक्तामुळे अण्णांच्या शरीरात त्याच्या विरोधात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. रक्तपेढीला बदली रक्त द्यायला हरकत नाही, फक्त ती पिशवी दुसऱ्या कुणाला जावी, हे तिथं सांगून ठेवा. तुमची आणि भावाची एचएलए जुळणी, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा अण्णांशी जुळतात का, हे कधी तपासायचं, हे सोमवारी विचारून या. अर्धी जुळणी असली तरी आता रोपण करता येतं, आणि मुलांची वडिलांशी अर्धी जुळणी तर असतेच.